भांडुपचा गाळा आणि कॉम्बी आरएसचं मायलेज

पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी आरएस, म्हणजे लांब डिकीची वॅगन, ज्यांच्याकडे अजून आहे आणि पंपावर आकडे फिरायला लागले की ज्यांचा जीव वरखाली होतो, त्यांनी भांडुप पश्चिमेचा हा गॅरेजचा गाळा माहीत करून घ्यावा. शहरात लिटरमागे सातवर आलेली माझी गाडी आता साडेनऊच्या आसपास देते. हायवेवर साडेदहा देत होती, ती तेराच्या पुढे गेली. त्यासाठी टर्बो बदलला नाही, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं) केलं नाही, टाकीत कुठलं औषधही ओतलं नाही.

गॅरेजला पाटी नाही. एलबीएस मार्गावरून आत वळलं की एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट लागते, तिच्या टोकाचा गाळा. गेटजवळच्या टायरवाल्याला ‘स्कोडावाले दादा’ म्हटलं की तो हातातलं काम न सोडता मानेनेच दिशा दाखवतो. आत दादा, हाताखाली दोन पोरं, एक लिफ्ट आणि एक जुना लॅपटॉप. फक्त स्कोडा आणि फोक्सवॅगन घेतात. बाकी कुठलीही गाडी आली की शेजारच्या गाळ्यात पाठवतात.

माझी गरज आधी सांगते. मी नाटकांना साउंड देते. मिक्सर, दोन मॉनिटर स्पीकर, माइकच्या पेट्या, केबलची ट्रंक, स्टँड हे सगळं घेऊन आज शिवाजी मंदिर, उद्या दीनानाथ, परवा गडकरी रंगायतन, मध्येच पुण्याचा दौरा. नाटकाची बस सेट घेऊन निघून गेलेली असते आणि माझं सामान मला माझ्याच नजरेखाली हवं असतं. मागची सीट पाडली की कॉम्बीत हे सगळं आडवं बसतं, वर काही ठेवावं लागत नाही. एसयूव्हीत एवढीच जागा मिळेल, पण पेटी छातीपर्यंत उचलावी लागते. कॉम्बीची डिकी खाली आहे, पेटी सरकवता येते. रात्री साडेबाराला प्रयोग संपवून एकटीने सामान भरणाऱ्या माणसाला हा फरक विचारा.

शिवाय ही गाडी चालवायला सुंदर आहे. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरना वीस व्हॉल्व्ह, म्हणजे प्रत्येकाला पाच. युरोपातल्या आरएसला 180 अश्वशक्ती होती, आपल्याकडे 150 दिली. पण 210 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 1750 आरपीएमपासूनच हातात येतो, त्यामुळे भरलेली गाडीसुद्धा खंडाळ्याचा घाट तक्रार न करता चढते. पंधरा वर्षं उलटल्यावर फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर असं सगळं करून मी ती ठेवली, ती उगीच नाही.

मायलेज हळूहळू उतरत गेलं. मी डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा धरत नाही. मुलुंडच्या एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा तुटेपर्यंत टाकी भरायची, ओडोमीटर वहीत लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा तिथेच. टाकी 55 लिटरची, त्यामुळे थोडा फार फरक पडला तरी सरासरीत जिरतो. वहीत नऊ, साडेआठ, आठ, सात असा उतार स्पष्ट दिसत होता.

भांडुपला जाण्याआधी दोन ठिकाणी दाखवलं. एकाने इंजिनाचा आवाज ऐकून टर्बो गेलाय म्हणून सांगितलं आणि लाखाच्या घरातला आकडा लिहून दिला. दुसऱ्याने आधी एअर मास सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) बदलू, मग बघू, असं सुचवलं. तिसरा सल्ला ओळखीच्या मुलाचा: स्टेज वन रीमॅप करून घे, ताकदही वाढेल आणि मायलेजही. आणि सिगारेट लायटरमध्ये खोचायचा एक डबा तर मला भेटच मिळाला, निळा दिवा लागतो तो. असल्या शंभराहून जास्त साधनांची तपासणी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केली आहे आणि मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारं एकही त्यांना सापडलेलं नाही. त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दादांनी पहिल्याच भेटीत बॉनेट उघडलं नाही. वही मागितली. पानं उलटत विचारलं, “ताई, हा मे महिन्यातला खड्डा कसला?” दौरा होता, गाडी भरलेली होती, छतावर आडव्या पट्ट्या लावून त्यावर फ्लेक्सच्या नळ्या बांधल्या होत्या. “पट्ट्या काढल्या का नंतर?” नव्हत्या काढल्या, पुढचा दौरा होताच. त्या त्यांनी तिथेच पोराकडून उतरवून डिकीत ठेवल्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सायन ते ठाणे रखडताना छतावरच्या पट्टीने काही होत नाही, पण एक्सप्रेसवेवर शंभरने गेलं की तीच पट्टी पेट्रोल खाते, वर शिट्टीही वाजवते.

मग लॅपटॉप जोडून मला चालवायला लावलं आणि ते शेजारी बसले. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं व्हीसीडीएस नावाचं सॉफ्टवेअर आहे, फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठीचं; स्कोडा त्यातलीच. या माणसाकडे ते का वापरायचं याची समज आहे, आणि मी पैसे दिले ते त्या समजेचे. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मोकळा पट्टा मिळाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्यायला सांगितला. त्या सॉफ्टवेअरच्या ग्रुप 115 या पानावर इंजिनाने मागितलेला टर्बोचा दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही आकडे हातात हात घालून चढले. टर्बो ठणठणीत. त्याच दमात एअर मास सेन्सर बघितला. दीडशे अश्वशक्तीला सेकंदाला साधारण 120 ग्रॅम हवा लागते असा या लोकांचा ठोकताळा आहे. माझी गाडी 112 दाखवत होती. एवढ्या जुन्या इंजिनाला उत्तम. म्हणजे दोन गॅरेजांनी सुचवलेले दोन्ही महागडे भाग पाच मिनिटांत यादीतून बाद झाले.

“आता गाडी कुठे अडते ते बघू,” म्हणाले आणि गाळ्यावर परत यायला लावलं. येताना ब्रेक शक्यतो कमी वापरा, ही सूचना. गाडी थांबल्या थांबल्या इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन चारी चाकांभोवती फिरले. पुढच्या दोन्ही डिस्क जवळपास सारख्या. मागची डावी त्यांच्याहून थंड, तशीच असायला हवी. मागच्या उजव्या डिस्कवर आकडा दीडशे अंशांच्या पुढे गेला. लिफ्टवर घेऊन हाताने चाक फिरवलं. डावं दोन फेरे फिरून थांबलं. उजवं अर्धा फेराही नाही, आणि फिरताना सतत घासल्याचा आवाज. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरवर हँडब्रेकची केबल जिथे लागते, तिथला छोटा दांडा मागे परततच नव्हता. मी हँडब्रेक सोडत होते, पण ते चाक अर्धवट धरलेलंच राहत होतं.

या गाड्यांचा हा जुना आजार आहे. त्या दांड्याच्या बुशमध्ये पाणी शिरतं, गंज धरतो, स्प्रिंगला तो ओढवत नाही. मुंबईत चार महिने पाणी, बाराही महिने खारी हवा, आणि माझी गाडी नाट्यगृहाच्या आवारात तासन् तास हँडब्रेक ओढून उभी. मागच्या ब्रेकला गाडी थांबवायचं काम कमी असतं, त्यामुळे तो अडकला तरी पायाला कळत नाही. थोडा जास्त थ्रॉटल द्यावा लागतो, आणि टर्बो गाडीत तो जास्तीचा थ्रॉटल बिनबोभाट मिळतो. साध्या इंजिनाची गाडी जड वाटायला लागली असती. हिने ते वजन मुकाट्याने ओढलं. उजवा कॅलिपर नवा टाकला, डाव्याच्या सरकत्या पिना साफ करून ग्रीस केल्या, हँडब्रेकची केबल नव्याने जुळवली. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक याच कामाने पडला.

दुसरा चोर थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. डॅशबोर्डवरचा काटा नेहमी नव्वदवर, अगदी सरळ. पण फोक्सवॅगनच्या काट्याला मुद्दाम स्थिर ठेवलेलं असतं. खरं तापमान बऱ्यापैकी खाली-वर झालं तरी तो नव्वदवरून हलत नाही. लॅपटॉपवर मात्र हायवेला 73-74 अंश दिसत होते. सिग्नलला उभं राहिलं की चढायचं, गाडी पळायला लागली की पुन्हा उतरायचं. थर्मोस्टॅट पूर्ण मिटतच नव्हता, त्यामुळे रेडिएटरमधून पाणी सतत फिरत राहायचं. इंजिन पुरतं तापलेलं नाही असं कॉम्प्युटरला वाटलं की तो पेट्रोल सढळ सोडतो, आणि थंड ऑइल घट्ट असल्याने घर्षणही वाढतं. मुंबईसारख्या उकाड्याच्या शहरात इंजिन थंड राहतंय ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येत नाही.

इथे दादांचं एक काम मी उभं राहून बघितलं. नवा थर्मोस्टॅट कुर्ल्याहून मागवला, चकचकीत खोक्यात आला. गाडीत बसवण्याआधी त्यांनी तो दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात सोडला, पातेलं शेगडीवर, पाण्यात थर्मामीटर. या इंजिनाचा थर्मोस्टॅट 87 अंशांना उघडायला सुरुवात व्हायला हवी. हा 78 ला तोंड उघडायला लागला. पातेल्यातून काढला, पुसला, खोक्यात घातला आणि पोराला परत पाठवलं. दुसरा आला तो 86-87 च्या दरम्यान हलला, तोच बसवला. या सगळ्यात अर्धा दिवस गेला. कूलंटच्या तापमानाचा सेन्सरही बदलला. या इंजिनांना सुरुवातीला काळा सेन्सर यायचा, तो खोटे आकडे द्यायला लागतो. सुधारित आवृत्ती हिरव्या रंगाची असते. माझ्या गाडीत अजून काळाच होता.

तिसरं काम धुराचं. लॅपटॉपवर ग्रुप 032 मध्ये दोन आकडे येतात, पहिला आयडलचा (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू), दुसरा चालत्या गाडीचा. धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय, ते यातून कळतं. माझ्याकडे आयडलचा आकडा बराच अधिक, चालत्या गाडीचा जवळजवळ शून्य. याचा अर्थ कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून तेव्हा ही फट मोठी ठरते. वेगात तेवढ्याने फरक पडत नाही. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, धूर सोडल्यावर मॅनिफोल्डच्या (हवा सिलिंडरना वाटणाऱ्या नळ्यांच्या) खालून उदबत्तीसारखी बारीक रेघ वर आली. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाच्या) वाफा परत नेणारा रबरी होज, ऑइलच्या वाफेने फुगून मऊ पडलेला आणि वाकणावर चिरलेला. तिथपर्यंत हात घालायला निम्मा पसारा काढावा लागतो, म्हणून बहुतेक गॅरेजांत तो कुणी बघत नाही. त्याच्यासोबतचा एकतर्फी व्हॉल्व्हही बदलला, कारण तो खराब झाला तर टर्बोचा दाब उलटा क्रँककेसमध्ये जातो आणि सील ऑइल सोडायला लागतात. या कामाने मायलेज किती वाढलं ते वेगळं काढता येणार नाही, पण सिग्नलला इंजिन थरथरायचं ते थांबलं.

रीमॅपबद्दल मी स्पष्ट विचारलं, कारण बाहेर सगळे तेच विकतात. दादांचं उत्तर मला पटलं. शहरात संथ चालताना हे इंजिन ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरलेल्या जागी धरून ठेवतं, आणि रीमॅप केलं तरी तिथेच धरणार. फरक पडतो तो पूर्ण थ्रॉटलला, आणि तिथे पेट्रोल वाढतं. ताकद हवी असेल तर जरूर करा, पण मायलेजच्या नावाखाली करू नका, असं म्हणून त्यांनी समोर आलेलं काम सोडून दिलं.

पेट्रोलचा विषय निघणारच. आता पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलंय की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना यामुळे 6 ते 7 टक्के फटका बसेल. माझ्या वहीतल्या उताराचा एक हिस्सा नक्की हाच आहे, आणि तो कुठल्याही गॅरेजला परत मिळवून देता येणार नाही. इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं एक्सपी 100 डिसेंबर 2020 पासून मिळतं. मी भरून बघितलं. इंजिन मऊ चालतं, दुपारच्या उन्हात चढावर ओढ चांगली राहते, लिटरमागे थोडं जास्तही मिळालं. पण किमतीतला फरक त्यातून भरून निघत नाही. घाट असलेल्या लांब दौऱ्याला भरते, एरवी नाही. दादांनी इंजिनाजवळचे पेट्रोलचे रबरी पाइप मात्र इथेनॉल सोसणारे घालून दिले, आणि जुन्या गाड्यांच्या सगळ्यांनीच हे करावं असं मला वाटतं. गरम इंजिनाजवळ पेट्रोल झिरपणं ही मायलेजच्या पलीकडची गोष्ट आहे.

टायरच्या हवेबद्दल ते हट्टी आहेत. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा दाब वेगळा लिहिलेला. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा भरतो. वॅगनमध्ये सगळं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे दौऱ्याच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना, मागची हवा स्टिकरप्रमाणे वाढवायची. गेज मी स्वतःचा घेतला.

चालवण्याचंही थोडं शिकवलं, तेही गाडीत बसून, आकडे दाखवत. टॉर्क 1750 लाच येतो तर गिअर तीन हजारांपर्यंत का ताणायचा? दोन हजार-बावीसशेला वरचा गिअर, पुढे सिग्नल लाल दिसला की गिअरमध्येच पाय काढायचा. गिअरमध्ये असताना थ्रॉटल सोडला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, लॅपटॉपवर शून्य दिसतं. न्यूट्रल केलं की आयडल चालू ठेवायला पेट्रोल लागतं. बोरघाट उतरताना न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे मी नेहमी बघते. त्यांचं पेट्रोल वाचत नाही, आणि इंजिनाचा ब्रेक गमावून सगळा भार डिस्कवर येतो तो वेगळाच. कोस्टल रोडवर पाचव्या गिअरमध्ये ऐंशीने एकसारखं गेलं की या गाडीचं सगळ्यात चांगलं मायलेज दिसतं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी सातला कुठलाच उपाय चालत नाही.

पैशाचं सांगते. कॅलिपर, थर्मोस्टॅट, सेन्सर, होज, व्हॉल्व्ह, पेट्रोलचे पाइप, कूलंट आणि मजुरी धरून एकतीस हजारांच्या आसपास बिल झालं. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर सातच्या हिशेबाने 143 लिटर लागायचे, साडेनऊच्या हिशेबाने 105. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास वाचतात आणि आठेक महिन्यांत खर्च वसूल होतो. प्रत्येक भागाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून देतात, काढलेले जुने भाग पिशवीत घालून हातात देतात. चिरलेला होज मी घरी आणला, सहज दोन बोटं आत जात होती त्या चिरेत.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. वेळ पाळत नाहीत. दोन दिवस म्हणाले आणि आठवडा लावला, त्यात दोन प्रयोगांना मला टेम्पो करावा लागला आणि तो खर्च वरच्या हिशेबात नाही. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला रात्री उत्तर येतं. बसायला जागा नाही, पावसाळ्यात गाळ्यासमोर घोट्यापर्यंत पाणी साचतं. गाडी धुऊन मिळत नाही, माझ्या सीटवर ग्रीसचा डाग पडला होता तो मीच काढला. आणि स्वभाव तिरसट आहे. घाईत आलेल्या माणसाला ते सरळ परत पाठवतात. कामाच्या दर्जासाठी मी हे सगळं सहन करेन, पण रोज सकाळी ऑफिसला गाडी लागणाऱ्याने दुसरी सोय आधी बघून ठेवावी.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, त्यानंतर आत गाडी लावायला जागा राहत नाही. रविवारी बंद. आणि निदान दोन-तीन टाक्यांचा लिहिलेला हिशेब बरोबर ठेवा, कारण त्याशिवाय दादा बॉनेटला हात लावत नाहीत.